४७ टक्क्यांचं काय करायचं?

मॅडम, नमस्कार.

मी एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव करमाळा तालुक्यात. आम्हाला संशोधन प्रकल्प सक्तीचा आहे. माझा विषय ‘महाराष्ट्रातील रोजगार हमी योजना : एक अभ्यास’. पुस्तकं, दोन पीएच.डी.चे प्रबंध आणि नेटवरचे लेख यांतून माहिती गोळा करून ६० पानं लिहिली. शेवटी ३८ संदर्भही दिले. कॉलेजने वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून तपासलं तर ४७ टक्के साम्य आलं. सर म्हणाले, ‘१० च्या आत आण, नाहीतर सही करणार नाही.’ कसं आणायचं ते सांगितलं नाही. मैत्रीण म्हणते, शब्द बदलून देणारं अ‍ॅप आहे. झेरॉक्सवाला म्हणतो, पानामागे वीस रुपये दे, मी टक्के उतरवून देतो. इंग्रजी लेखांचं मराठी केलेला भाग मात्र सॉफ्टवेअरने पकडलाच नाही. मग सगळंच तसं करू का?

पण माझी खरी अडचण वेगळी आहे. मला या विषयातलं जे कळलंय ते वाचूनच कळलंय. मग ‘स्वतःच्या शब्दांत लिही’ म्हणजे काय लिहू? माझं स्वतःचं त्यात आहेच काय? घरी आजी आहे, ती बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. पण आजी काही संदर्भ होऊ शकत नाही ना? मुदतीला सात आठवडे आहेत. वर्गातले काही जण दीड हजार भरून नियतकालिकात शोधनिबंध, म्हणजे पेपरही छापून घेतायत. मीही घेऊ का?

— एक विद्यार्थिनी

*

प्रिय मुली,

आधी त्या ४७ कडे बघू, म्हणजे तुझी झोप तरी परत येईल. सॉफ्टवेअरला चोरी कळत नाही, त्याला सारखेपणा कळतो. तुझ्या मजकुरातले शब्द त्याच क्रमाने आणखी कुठे आलेत का, एवढंच ते मोजतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याबद्दल विनियम काढले. त्यांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलंय. १० ते ४० ही पहिली पातळी, ४० ते ६० दुसरी आणि ६० च्या पुढे तिसरी. प्रबंध पहिल्या पातळीत सापडला तर सुधारून द्यावा लागतो, दुसरीत वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि तिसरीत नोंदणीच रद्द होते. एम.ए.च्या प्रकल्पाला तुझं कॉलेज यातलं नेमकं काय लावतं ते कार्यालयात विचार. पण त्याच विनियमांत आणखी एक गोष्ट आहे, जी विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही. नाव देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांची नावं आणि रूढ संज्ञा या मोजणीतून वगळायच्या असतात. सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वांना ठाऊक असलेलं किंवा योगायोगाने जुळलेलं असेल, तर तेही.

तेव्हा सरांकडून नुसता आकडा घेऊन येऊ नकोस. रंगवलेला पूर्ण अहवाल माग. तुझी ३८ संदर्भांची यादी मोजणीत धरली गेली असेल, ‘महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम’ हे नाव जितक्यांदा आलं तितक्यांदा रंगलं असेल, तर ४७ मधले काही टक्के तिथेच गळतील. उरतील ते खरे. ते परिच्छेदच्या परिच्छेद असणार, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

ते उरलेले टक्के अ‍ॅपने उतरवायचे का? अ‍ॅप काय करतं ते एकदा बघच. ‘रोजगार हमी’ची ‘नोकरीची खात्री’ होते, ‘पाझर तलावा’चं ‘गळणारं तळं’ होतं आणि ‘जवाहर विहिरी’चं काय होईल याची मला कल्पनाही करवत नाही. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक ‘गळणारं तळं म्हणजे काय?’ असं विचारतील, तेव्हा अ‍ॅप शेजारी बसलेलं नसेल. झेरॉक्सवाला हेच काम हाताने करतो, शिवाय पैसे घेतो.

इंग्रजीचं मराठी केलेलं पकडलं गेलं नाही, हे खरं. पण विनियमातली व्याख्या ‘दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून दाखवणं’ अशी आहे. त्यात भाषेचा उल्लेखच नाही. मराठीत आणलेला विचार शून्य टक्के दाखवला तरी ज्याचा आहे त्याचाच राहतो. ‘अमुक लेखकाने असं म्हटलंय’ असं लिहून तोच मजकूर दिलास तर ते काम चांगलंच आहे. मराठीत अर्थशास्त्राचं असं किती कमी येतं! नाव दे, मग खुशाल मराठी कर.

आता तुझ्या खऱ्या अडचणीकडे. ‘माझं स्वतःचं त्यात आहेच काय?’ असं तू विचारतेस. आत्ता काहीच नाही, आणि त्याचं कारण तुझ्या शीर्षकात आहे. ‘एक अभ्यास’. आपल्याकडच्या निम्म्या प्रबंधांवर ही शेपटी असते आणि ती लागली की पुढचं सगळं ठरून जातं: पहिल्या प्रकरणात प्रस्तावना, दुसऱ्यात योजनेची पार्श्वभूमी, तिसऱ्यात स्वरूप, चौथ्यात गुणदोष, पाचव्यात निष्कर्ष व शिफारशी. योजनेची पार्श्वभूमी याआधी पन्नास जणांनी लिहिलेली आहे. एक्कावन्नाव्याने तीच लिहायला घेतली तर उतरवण्यावाचून तो करणार काय? तुला शब्द सुचत नाहीत असं तुला वाटतंय. मला वाटतं, तुला विचारायला प्रश्नच दिलेला नाही. ज्याला विचारायचं काही नसतं त्याला पुस्तकातलं प्रत्येक वाक्य महत्त्वाचं वाटतं आणि तो ते उतरवून घेतो.

प्रश्न छोटा कर, इतका की एका पुस्तकात त्याचं उत्तर सापडणार नाही. उदाहरणार्थ: १९७२-७३ च्या दुष्काळी कामांवर तुमच्या गावातल्या बायका गेल्या, तेव्हा मजुरीचे पैसे कोणाच्या हातात पडले आणि ते कशावर खर्च झाले? बघ, आता ते पीएच.डी.चे दोन प्रबंध उघडलेस तर तू काय वाचशील? ‘दुष्काळाची व्याख्या’ सोडून देशील. मजुरीचं वाटप कसं व्हायचं, मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर नाव कोणाचं असायचं, बायकांचं प्रमाण किती होतं, एवढंच शोधशील. त्यातलं थोडं मिळेल, थोडं मिळणार नाही आणि दोघांचं जमत नाही असंही दिसेल. तिथे तुझं लिखाण सुरू होतं. दोन स्रोत एकमेकांशी भांडले की मधे बोलायला तूच उरतेस.

भांडणं कशी असतात त्याचा तुझ्याच विषयातला दाखला देते. रोजगार हमी योजना कधी सुरू झाली? एक पुस्तक सांगेल १९७२, दुसरं म्हणेल १९७७, तिसऱ्यात १९७९ असेल आणि एखादा लेख साठच्या दशकापर्यंत मागे जाईल. बहुतेक विद्यार्थी यातलं एक साल उचलतात, ज्याचं पुस्तक जाड त्याचं. तू थांबून विचार, हे चौघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का? साठच्या दशकात वि. स. पागे यांच्या कल्पनेप्रमाणे तासगाव तालुक्यात विसापूरला लहान प्रयोग झाला. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. राज्याची योजना १९७२ मध्ये आली. कायदा १९७७ चा. तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ पासून. म्हणजे चारही सालं बरोबर आहेत, प्रयोग, योजना, कायदा आणि अंमल अशी त्यांची नावं वेगळी आहेत. हे तू चार ओळींत लिहिलंस आणि प्रत्येक सालापुढे कुठून घेतलं ते दिलंस, तर त्या चार ओळी जशाच्या तशा जगात कुठेही नसतील. सॉफ्टवेअरला त्यात रंगवायला काही मिळणार नाही. शिवाय एक गोष्ट तुझ्या लक्षात येईल: १९७२-७३ मध्ये तुझी आजी जिथे खडी फोडत होती ते बहुधा सरकारी दुष्काळी काम होतं, हमीच्या कायद्याखालचं नव्हे. दुष्काळ निवारण आणि कामाचा हक्क यांतला फरक प्रकल्पात कुठेतरी स्पष्ट करावा लागेल. मला विचारशील तर तेच तुझं सगळ्यात चांगलं प्रकरण होईल.

दुसरं भांडण आकड्यांचं. १९७१ च्या जनगणनेची सोलापूर जिल्ह्याची पुस्तिका काढ. जनगणनेच्या संकेतस्थळावर जुन्या जिल्हा पुस्तिका आहेत. तुमच्या गावाची ओळ शोध: लोकसंख्या, साक्षर, शेतकरी, शेतमजूर, स्त्री-पुरुष वेगळे. हे करताना तुला १९६१ शी तुलना करायचा मोह होईल, आणि केलीस तर काम करणाऱ्या बायका दहा वर्षांत एकदम घटलेल्या दिसतील. घाईत असलेला विद्यार्थी तिथे लगेच ‘स्त्रियांचा शेतीतील सहभाग कमी झाला’ असं लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात १९७१ मध्ये ‘काम करणारा’ कोणाला म्हणायचं याची व्याख्या बदलली होती. मुख्य काम कोणतं ते विचारलं गेलं. ज्या बाईने ‘घरकाम’ सांगितलं ती दिवसभर रानात राबत असली तरी कामकऱ्यांत धरली गेली नाही. आकडा खोटा नव्हता, त्याला विचारलेला प्रश्न वेगळा होता. तक्ता बघायचा तर आधी त्याच्या खालची बारीक अक्षरातली टीप वाचायची, ही सवय लावून घे. या सवयीसाठी इंग्रजी फार यावं लागत नाही.

इंग्रजीचं दडपण तुझ्या पत्रात जाणवतं म्हणून सांगते. इंग्रजी लेख पहिल्या ओळीपासून शब्दकोश घेऊन वाचू नकोस. आधी सारांश, मग शेवटची दोन पानं, मग तक्ते. यातून लेखक काय म्हणतो ते कळलं की मधलं लागेल तेवढंच वाच. महाराष्ट्राच्या १९७०–७३ च्या दुष्काळावर अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी लिहिलंय. १९७३ च्या उन्हाळ्यात कामांवरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती, हा आकडा तुला अशा लेखनात भेटेल. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या जुन्या अंकांत रोजगार हमीवर भरपूर वाद झालेत. वाद मुद्दाम शोध, कारण जिथे दोन अभ्यासक असहमत आहेत तिथे तुला जागा मिळते. पुण्याच्या गोखले संस्थेच्या ग्रंथालयात सरकारी अहवाल उत्तम आहेत. एक दिवस काढून जाता आलं तर जा, पण जाण्याआधी कॉलेजचं पत्र घे आणि तिथे काय बघायचं त्याची यादी घरूनच करून ने. सोलापूरच्या दैनिकांच्या १९७२-७३ च्या फायली कुठल्या वाचनालयात आहेत तेही विचार. ‘एक देश एक सदस्यता’ या केंद्राच्या योजनेतून २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झालीत. ती विद्यापीठात कुठून उघडतात ते ग्रंथपालांना विचार. ग्रंथपाल हा कॉलेजातला सगळ्यात कमी वापरलेला माणूस.

‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावरचे प्रबंध तू वापरले असशील. वापर, पण सांभाळून. तिथे अप्रतिम प्रबंध आहेत आणि ज्यांना तुझ्यासारखीच ‘एक अभ्यास’ची शेपटी आहे असेही आहेत. त्यांचा मजकूर घेण्यापेक्षा शेवटची संदर्भसूची वाच, तुला कुठे जायचं ते तिथे कळेल. आणि प्रबंधात जर ‘द्रेझ म्हणतात’ असं लिहिलेलं वाचलंस, द्रेझ स्वतः उघडला नाहीस, तर तुझ्या टिपेत ‘द्रेझ, अमुक प्रबंधात उद्धृत’ असं आलं पाहिजे. मधला माणूस चुकला असेल तर ती चूक तुझ्या नावावर कशाला?

आता लिहायची रीत. हेच मी सगळ्यात सावकाश सांगणार आहे, कारण ४७ टक्के इथे जन्मतात. तू टिपणं कशी काढलीस ते न बघता सांगते: पुस्तक डावीकडे, वही किंवा लॅपटॉप उजवीकडे आणि वाक्यामागून वाक्य. पंधरा दिवसांनी वही उघडली की त्यातलं वाक्य पुस्तकाचं कोणतं आणि आपलं कोणतं हे देवालाही सांगता येत नाही. तेव्हा टिपण काढतानाच तीन गोष्टी वेगळ्या ठेव. जसंच्या तसं घेतलेलं वाक्य अवतरणचिन्हांत, पुढे लगेच पान क्रमांक. तुझ्या शब्दांत घेतलेलं साध्या शाईत, त्यालाही पान क्रमांक. आणि वाचताना तुला जे वाटलं, ‘हे खरं वाटत नाही’, ‘आजी तर वेगळंच सांगते’, ‘हा आकडा कुठून आला?’, ते वेगळ्या रंगात. पान क्रमांक नंतर लिहू म्हणशील तर नंतर तो सापडत नाही. या नियमाला अपवाद मी पाहिलेला नाही.

तुझ्या शब्दांत घेताना पुस्तक मिटायचं. मिटून, समोर आजी बसलीय आणि तिला सांगायचंय असं समजून दोन-तीन वाक्यं लिहायची. मग पुस्तक उघडून चूक झाली नाही ना ते बघायचं.

नमुना दाखवते. समजा एखाद्या अहवालात असं वाक्य आहे (हे मीच रचलंय): ‘दुष्काळी कामांमुळे ग्रामीण भागातील स्त्रियांना प्रथमच मोठ्या प्रमाणावर रोख मजुरी मिळाली व त्यामुळे त्यांच्या कौटुंबिक स्थानात लक्षणीय सुधारणा झाली.’

टक्के उतरवायला निघालेला विद्यार्थी याचं काय करतो? ‘दुष्काळी कामांच्या परिणामी खेड्यांतील महिलांना पहिल्यांदाच मोठ्या संख्येने रोख वेतन प्राप्त झाले आणि त्यायोगे कुटुंबातील त्यांचे स्थान लक्षणीयरीत्या सुधारले.’ स्त्रियांच्या महिला झाल्या, मजुरीचं वेतन झालं, सांगाडा तोच. सॉफ्टवेअर कदाचित सोडेल, मी सोडणार नाही. आणि खरं सांगू का, मूळ वाक्यापेक्षा हे वाईट आहे.

तू असं लिहून बघ: ‘अहवालाच्या मते रोख मजुरीमुळे बायकांचं घरातलं स्थान सुधारलं (पान अमुक). मजुरी किती मिळाली याची नोंद अहवालात आहे, पण ती घरात कोणाच्या हातात गेली याची नाही. त्यामुळे “स्थान सुधारलं” हा निष्कर्ष मजुरीच्या आकड्यावरून काढलेला अंदाज आहे. मी ज्या बायकांशी बोलले त्यांच्या सांगण्यावरून हा अंदाज तपासून पाहिला आहे.’ यात अहवालाचा मान राखलाय, त्याची मर्यादा दाखवलीय आणि पुढच्या परिच्छेदाचं दार उघडलंय. ‘माझं स्वतःचं काय?’ असं विचारत होतीस ना? शेवटची तीन वाक्यं तुझी आहेत. त्यातलं एकही सापडलं नसतं, जर तू अहवालाला प्रश्न विचारला नसतास.

अवतरण कधी द्यायचं? लेखकाने ते ज्या शब्दांत म्हटलंय ते शब्दच महत्त्वाचे असतील तेव्हा. कायद्याचं कलम, मंत्र्याचं सभागृहातलं उत्तर, आजीचं बोलणं. बाकी माहिती आपल्या वाक्यात घ्यायची. आणि १९७२ साली पाऊस पडला नाही, याला संदर्भ द्यायची गरज नाही. किती पडला नाही, याला आहे.

आजीवर येते. आजी संदर्भ होऊ शकते. तुझ्या नव्या प्रश्नाला ती कदाचित सगळ्यात महत्त्वाचा संदर्भ आहे. पण ‘माझी आजी सांगते’ एवढ्याने भागत नाही, तिलाही पुस्तकाइतक्याच शिस्तीने वाचावं लागतं. तिची परवानगी घे. फोनवर रेकॉर्ड कर, तारीख आणि ठिकाण बोलून घे. ‘दुष्काळाबद्दल सांग’ असं विचारलंस तर ती ‘लई वाईट दिवस होते’ म्हणेल आणि गप्प होईल. बारीक विचार. काम कुठल्या रस्त्यावर होतं, की तलावावर? घरून किती वाजता निघायचीस? पोरं कोणापाशी? मुकादम कोण होता, गावचा की परगावचा? पगार आठवड्याने व्हायचा का, अंगठा कोण द्यायचं, पैसे हातात कोण घ्यायचं? सुकडी मिळायची का, ती घरी आणता यायची का? मिलोची भाकरी कशी लागायची? ही अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी त्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. तिचं नाव काढलंस की आजी बोलायची थांबणार नाही.

तिला साल विचारू नकोस, सालं माणसं विसरतात. ‘तेव्हा तुझ्या मांडीवर कोण होतं?’ असं विचार. मुलांच्या जन्मावरून, लग्नांवरून काळ ठरवता येतो. लोक ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात, पण पाऊस १९७२ चा गेला आणि होरपळ झाली ती १९७३ च्या उन्हाळ्यात. आजीच्या तोंडी ‘बहात्तर’ आलं तरी ती कदाचित त्र्याहत्तरचा मे महिना सांगत असेल. मजुरीचा आकडा ती सांगेल तो तसाच नोंदव, पण सरकारी दराशी ताडून बघ. जमलं नाही तर दोन्ही दे आणि का जमत नसावं ते लिही. तिने नंतर हमीच्या कामावरही मजुरी केली असेल आणि दोन्ही आठवणी मिसळल्या असतील. मग तिच्या वयाच्या आणखी चार-पाच बायकांशी बोल, त्यांतल्या काही दुसऱ्या वस्तीवरच्या असू देत. एका वाड्यातल्या बाईचा दुष्काळ आणि भूमिहीन घरातल्या बाईचा दुष्काळ एकच असेल असं गृहीत धरू नकोस. सूचीत ‘मुलाखती’ असा वेगळा भाग कर: नाव (किंवा नको म्हणाल्या तर टोपणनाव, तसं नमूद करून), अंदाजे वय, गाव, मुलाखतीची तारीख.

स्रोत कुठेही असतात, याचा एक गमतीचा नमुना. तुझ्या सरांच्या पगारपत्रकात दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापलेले दिसतील. तो १९७५ चा कायदा रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी आला होता. सरांना हे ठाऊक आहे का ते हळूच विचारून बघ. (जपून विचार, सही बाकी आहे.)

चॅटजीपीटीचं तू काही लिहिलं नाहीस, पण सात आठवडे उरलेत म्हणजे हात तिकडे जाणारच. अवघड इंग्रजी परिच्छेदाचा अर्थ विचारायला वापरलंस तर माझी हरकत नाही. कॉलेजचा नियम काय आहे ते बघ आणि वापरलंस तर तसं लिही. पण त्याला संदर्भ मागू नकोस. खऱ्या लेखकाच्या नावाला खोटं शीर्षक, खऱ्या मासिकाला खोटा अंक जोडून ते अशी झकास यादी देतं की परीक्षकाने शोधायला घेतलं तर तुझी पंचाईत होईल. मराठी विषयांवर तर हे जास्तच होतं. ज्याचं पान तू डोळ्यांनी पाहिलं नाहीस ते सूचीत येता कामा नये. तुझ्या ३८ संदर्भांना हीच चाळणी लाव. १५ उरले तरी चालतील. सरांनी अमुक इतके हवेतच असं सांगितलं असेल तर वाचून भर घाल, यादी बघून नको.

संदर्भ लिहायची पद्धत कोणती, एपीए की एमएलए की आणखी काही, यावर मुलं फार वेळ घालवतात. विभागाने दिलीय ती घे आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तीच ठेव. मराठी पुस्तकाचं नाव मराठीतच लिही. जुन्या पुस्तकावर नुसतं शके असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन कंसात दे. बाकी स्वल्पविराम कुठे, यावरून कोणी नापास केल्याचं ऐकलं नाही.

दीड हजारांचा पेपर? नको. आठवड्यात छापून देणारं नियतकालिक तुझा लेख वाचत नाही, तुझी पावती वाचतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०१९ मध्ये सुरू केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. तेव्हा ‘आम्ही यूजीसी मान्यताप्राप्त’ असं कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर ‘कुठल्या यादीत?’ असं विचार. प्रकल्प बरा झाला तर त्यातलं एक प्रकरण लहान करून एखाद्या चांगल्या मराठी नियतकालिकाकडे पाठव. तिथे महिनोन्‌महिने लागतील, कदाचित परत येईल, पण कोणीतरी वाचून परत करेल.

सात आठवड्यांत ६० पानं नव्याने होणार नाहीत. तशी गरजही नाही. पार्श्वभूमीची पानं कापून सहा-सातवर आण, ती चार सालं त्यात येऊ देत. पहिल्या दोन आठवड्यांत मुलाखती उरकून घे, कारण म्हातारी माणसं तुझ्या मुदतीप्रमाणे मोकळी असतील असं नाही. पण या सगळ्याआधी, म्हणजे याच आठवड्यात, सरांना भेट. शीर्षक बदलायला विभागाची मंजुरी लागत असेल तर ती शेवटच्या पंधरवड्यात मिळत नाही. जाताना रंगवलेला अहवाल ने, नवा प्रश्न एका वाक्यात लिहून ने आणि नव्या पद्धतीने लिहिलेली दोन पानं ने. ‘सर, टक्के कसे कमी करू?’ असं विचारलंस तर ते पुन्हा ‘१० च्या आत आण’ एवढंच म्हणतील. ‘सर, या दोन पानांसारखं सगळं केलं तर चालेल का?’ असं विचार. त्याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. शीर्षक बदलू देत नसतील तर तेच राहू दे, खाली ‘विशेष संदर्भ : करमाळा तालुका, १९७२-७३’ असं उपशीर्षक माग. ते सहसा मिळतं.